दूध पाजताना फोन कुठे ठेवावा

माझ्या दोन मुलांमध्ये नऊ वर्षांचं अंतर आहे. मोठा झाला तेव्हा घरात बटणांचा एकच फोन होता आणि तो बहुतेक वेळ नवऱ्याच्या खिशात असायचा. पाजायला बसलं की करण्यासारखं दुसरं काही नसे. छपराचे वासे मोजायचे, बाळाच्या कानाची पाळी बघायची, कौलांवरचा पाऊस ऐकायचा. धाकटी झाली तेव्हा उशाशी स्मार्टफोन होता. तिच्या पहिल्या दीड महिन्यातलं मला जे आठवतं ते बरंचसं स्क्रीनवरचंच आहे: कुणाच्या बारशाचे फोटो, कुणाची नवी गाडी, रात्री तीन वाजता वाचलेली काविळीवरची भलतीच भयंकर माहिती. एकदा पाजता पाजता डुलकी लागली, हातातला फोन निसटला आणि त्याचा कोपरा तिच्या कपाळावर बसला. खूण दोन दिवसांत गेली. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिला.

बाळंतिणीला ‘फोन बंद कर’ असं सांगणं सोपं असतं, कारण सांगणारा रात्री तीन वाजता जागा नसतो. फोंड्यातल्या किंवा म्हापशातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या तान्ह्याबरोबर असलेल्या बाईला तो फोन म्हणजे शेजार असतो. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. म्हणजे दिवसाचे तीन ते पाच तास एका जागी बसून जातात. तेवढा सगळा वेळ बाळाकडे टक लावून बघणं कुणाला जमायचं नाही, आणि त्याची गरजही नसते. त्यातला कोणता वेळ बाळाचा आणि कोणता आपला, एवढं मात्र ठरवता येतं.

बाळ काय बघतं

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं. छातीशी धरलेल्या बाळापासून आईच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच भरतं. आईचा आवाज ते पोटात असल्यापासून ओळखतं, वास पहिल्या काही दिवसांत ओळखू लागतं. चेहऱ्याशी ओळख व्हायला वेळ लागतो आणि ती होते मुख्यतः मांडीवर, पिता पिताच.

दुसरी गोष्ट मला दुसऱ्या खेपेपर्यंत कुणी सांगितली नव्हती. बाळ सलग पीत नाही. भराभर चोखतं, थांबतं, पुन्हा चोखतं. ते थांबलं की आई नकळत त्याला जरा हलवते, गालाला बोट लावते, ‘काय रे, झालं?’ म्हणते. मग ते परत सुरू करतं. आळीपाळीनं बोलायचं कसं, याचा पहिला धडा तो हाच. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की त्यात हसू मिसळतं.

१९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं केलेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग काही मिनिटं चेहरा निर्विकार करून त्याच्यासमोर नुसती बसते. बाळ हसून बघतं, आवाज काढतं, हात पुढे करतं. काहीच उत्तर आलं नाही की अस्वस्थ होतं आणि शेवटी तोंड फिरवतं. फोनमध्ये डोकं घातलेल्या आईचा चेहरा बराचसा असाच दिसतो. शेजारणीशी गप्पा मारणाऱ्या आईचंही बाळाकडे लक्ष नसतं, पण तिचा चेहरा हलत असतो, आवाज कानावर पडत असतो. फोनपुढे आवाजही जातो आणि चेहराही गोठतो.

तरी याचा बाऊ करू नका. तो प्रयोग फोनवरचा नव्हता, आणि आई पुन्हा बोलू लागली की बाळंही हळूहळू सावरत. याच संशोधकांनी असंही पाहिलं की चांगल्या जुळलेल्या आई-बाळांचे सूरसुद्धा सतत चुकतात आणि पुन्हा लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका निरोपानं माया तुटत नाही. जपायचं ते एवढंच, की बाळानं हाक द्यावी आणि उत्तर येऊ नये, असं दर पाजण्याला, रोज, महिनोन्‌महिने होऊ नये.

आणि हो, फोनच्या लहरींनी दूध नासत नाही. नासतं, असं मला एका लग्नात तीन वेगवेगळ्या बायकांनी सांगितलं होतं.

पहिली पायरी: दोन दिवस नुसतं मोजा

काहीही बदलू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक पाजण्याला एक रेघ ओढा. त्या वेळी फोन हातात असेल तर रेघेभोवती गोल करा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ असतं, तिथे दिवसाचे एकूण तास आणि कोणत्या अ‍ॅपवर किती गेले ते दिसतं. आकडा कुणाला दाखवायची गरज नाही. पाहायचं ते हे, की गोल कोणत्या वेळेला जास्त पडतात. माझे दुपारी तीन ते पाच पडत, सगळं घर आडवं झालेलं असताना, आणि मग रात्री.

दुसरी पायरी: बसायची जागा लावून घ्या

फोन हातात येतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कामासाठी. किती वाजले बघायला घेतो आणि वीस मिनिटं जातात. म्हणून त्याची किरकोळ कामं आधी काढून घ्या. समोरच्या भिंतीवर आकडे ठळक दिसणारं घड्याळ लावा. मागच्या वेळी कोणत्या बाजूला पाजलं हे लक्षात ठेवायला अ‍ॅप नको, केसांचा रबर त्या बाजूच्या मनगटात सरकवला की झालं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून वेगळी टॉर्च उशाशी ठेवा. नाहीतर ‘उजेडाला लागतो’ म्हणून फोन उशाशीच राहतो.

पाण्याचा तांब्या हाताशी हवा, दूध उतरू लागलं की घसा कोरडा पडतो. एक पंचा, कोपराखाली घट्ट उशी, आणि भूक लागली तर काहीतरी खायला. फोन स्टुलावर पालथा, हात लांब केला तरच पोचेल एवढ्या अंतरावर. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून नवरा, आई आणि डॉक्टर एवढेच तीन नंबर वाजतील असं करा. चार्जरची वायर बाळाच्या अंथरुणापासून लांब ठेवा. दिवसातून एकदा फोन पुसा आणि पाजण्याआधी हात धुवा. मासळी निवडताना, पैसे मोजताना, बसमध्ये आपण तोच फोन हाताळलेला असतो.

तिसरी पायरी: एका पाजण्याचे तुकडे करा

माझ्या मते सगळं यातच आहे, बाकीच्या पायऱ्या नाही जमल्या तरी चालतील.

पहिली पाच मिनिटं फोन नाही. बाळ रडायला लागलं म्हणजे भूक लागून बराच वेळ झालेला असतो. त्याआधी ते चुळबुळ करतं, तोंड उघडतं, मान इकडेतिकडे फिरवतं, मूठ तोंडात घालतं. फोनमध्ये असलं की नेमक्या या खुणा सुटतात आणि रडणारं बाळ छातीला लावायची वेळ येते, ते नीट लागत नाही. लावताना बघा: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त आणि खाली कमी दिसणारा. सुरुवातीची ओढ सोडली तर दुखता कामा नये. दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. एका हातानं टाइप करताना बाळाखालचा हात हळूहळू खाली येतो, बाळ टोकाशी सरकतं आणि चार दिवसांत चिरा पडतात. माझ्या पडल्या होत्या. दोष मी मलमाला देत राहिले.

दूध सुटलं की चोखणं संथ होतं, गिळल्याचा आवाज येतो. डोळे मिटून बाळ आपल्या लयीत पीत असेल तर हा वेळ तुमचा. काय वाचायचं ते वाचा. पहिल्या काही आठवड्यांत बाळ बराच वेळ असं मिटल्या डोळ्यांनीच पितं, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. फक्त फोन बाळाच्या अंगावर धरू नका, बाजूला धरा. पडलाच तर गादीवर पडेल.

मग ते थांबतं. फोनवरची नजर इथे खाली यायला हवी. एक शब्द बोला, तळपायाला बोट लावा, नुसतं बघितलंत तरी चालेल. बाळ डोळे उघडून वर बघत असेल तर फोन पालथा, निरोपातलं वाक्य अर्धं राहिलं तरी. ते दोन-तीन मिनिटांत पुन्हा डोळे मिटेल.

शेवटची पाच मिनिटंही फोन नाही. पोट भरलं की बाळ आपणहून सोडतं, आवळलेल्या मुठी सैल पडतात. हे बघितल्याशिवाय बाजू बदलायची की ढेकर काढायचा ते कळत नाही. काढलेलं दूध बाटलीनं देत असाल तर याकडे जास्तच लक्ष हवं. बाटलीतून दूध येतच राहतं, आणि आपण रील बघत असलो की ‘पुरे’ म्हणणारं बाळ दिसत नाही.

हिशेब केला तर अर्ध्या तासातली दहा-बारा मिनिटं होतात. मोठा भार नाही.

चौथी पायरी: रात्र

रात्री अंगावर पाजणं दूध टिकण्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. नेमका त्याच वेळी फोनचा उजेड झोपेच्या मेलाटोनिनला मागे ढकलतो. परिणाम असा, की बाळ दहा मिनिटांत झोपतं आणि आई तासभर छताकडे बघत पडते. हे रोज झालं की दिवसा चिडचिड, आणि चिडलेल्या आईकडून बाळाला हसू कमीच मिळतं. फोन आणि माया यांचा संबंध मला तरी इथे सगळ्यात जास्त जाणवला, नजरेपेक्षा झोपेतून.

पण इथे एक अडचण आहे. पुष्कळ बायका फोन घेतात तो डोळा लागू नये म्हणून. ती भीती खरी आहे. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणं फार धोक्याचं, बाळ कोपऱ्यात अडकून गुदमरू शकतं. तेव्हा रात्री सोफ्यावर बसूच नका. कडक गादीवर कुशीवर झोपून पाजायला दिवसा शिका, बाळाजवळ उशा-रजया ठेवू नका, आणि पाजून झालं की ते उताणं स्वतःच्या जागेवर. सुरुवातीला कुणाला तरी शेजारी जागं राहायला सांगा. तरीही जागं राहायला फोन लागलाच तर प्रकाश सगळ्यात कमी करा, आणि शक्यतो बघण्याऐवजी ऐका. नाट्यसंगीत, कीर्तन, जे आवडेल ते, बारीक आवाजात. मी पहाटेच्या पाजण्याला तेही बंद केलं होतं. सकाळी पाव विकायला येणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजेपर्यंत नुसता बेडकांचा आवाज पुरे व्हायचा.

रात्री शोधाशोध करायची नाही, एवढा एक नियम कडक पाळा. मनात आलेला प्रश्न कागदावर लिहा आणि सकाळी आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला, अंगणवाडी सेविकेला किंवा डॉक्टरांना विचारा. निम्मे प्रश्न उजाडेपर्यंत विरून जातात. अपवाद मात्र आहेत: श्वास घ्यायला त्रास, ओठ निळसर पडणं, बाळ लुळं पडणं, पिणं सोडणं, तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप. इथे वाचत बसू नका आणि सकाळची वाटही बघू नका. १०८ लावा.

पाचवी पायरी: बोटीवरचा बाप आणि फॅमिली ग्रुप

गोव्यात हा भाग टाळून चालत नाही. कितीतरी घरांत बाळाचा बाप बोटीवर किंवा आखातात असतो. त्याच्यासाठी तो व्हिडिओ कॉल म्हणजे बाळाला मांडीवर घेणंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये एक वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन नकोच असं सांगितलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत नको म्हणते, पण घरच्यांशी व्हिडिओवर बोलायला सूट देते. तेव्हा कॉल करा, फक्त पाजून झाल्यावर, बाळ जागं आणि खुशीत असताना.

बोटीवरचं नेट मिळेल तेव्हाच मिळतं, त्यामुळे कॉल पाजतानाच आला तर कॅमेरा बंद करून फोन स्पीकरवर पालथा ठेवा. बाप बोलू दे, गुणगुणू दे. बाळाला तो आवाज ओळखीचा होतो आणि तुमचे डोळे मोकळे राहतात. उघड्या अंगानं कॅमेऱ्यासमोर बसायची वेळही येत नाही, कारण पलीकडे त्याच्या मागे कोण उभं आहे ते आपल्याला दिसत नसतं.

ग्रुपसाठी इस्पितळातून घरी आल्या दिवशीच एक निरोप टाकून ठेवा, म्हणजे पुढचे चाळीस दिवस सुटका होते: ‘बाळ-बाळंतीण सुखरूप. रोज संध्याकाळी एक फोटो येईल. भेटायला यायच्या आधी यांना फोन करा.’ फोटो टाकायचं काम नणंदेला किंवा नवऱ्याला द्या. इस्पितळाचा मनगटावरचा पट्टा किंवा नाव-पत्ता दिसेल असा फोटो नको. स्टेटसवर फोटो टाकून मग मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढणाऱ्या आमच्या मावशीला मी हेच सांगून थकले.

सहावी पायरी: घरातले

‘ठेव गो तो फोन!’ असं दाराशी उभं राहून ओरडण्यानं काही होत नाही. फोन ठेवायला सांगायचा तर त्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं. पाच मिनिटं शेजारी येऊन बसा, उकड्या तांदळाची पेज गरम असताना आणून द्या, पाजून झालं की ढेकर काढायला बाळाला घ्या. आणि नवऱ्यानं शेजारी बसून स्वतःचा फोन चाळायचा नाही.

सातवी पायरी: फोन जे सांगतो ते

१९९२च्या कायद्यानं, २००३च्या दुरुस्तीसह, आपल्या देशात दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डब्याच्या दुधाची, आहाराची आणि बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. तरी रात्रीच्या रीलमधून कुणीतरी हसतमुख आई दूध वाढवणाऱ्या पावडरी आणि ‘बाळाचं पोट भरत नसेल तर’ची काळजी विकतच असते. अशी दोन-तीन खाती सलग बघितली की आपलं दूध कमी आहे असं वाटायला लागतं, आणि ताण आला की दूध उतरायला वेळ लागतो. बाळाला पुरतंय का ते फोनला विचारू नका, दुपट्यांना विचारा. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त ओली दुपटी, आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माच्या वजनावर परत येणं, या भरवशाच्या खुणा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. मे महिन्याच्या उकाड्यातही वरचं पाणी, घुटी, मध काही नको.

आठवी पायरी: कामावर परतल्यावर

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. कंत्राटी नोकरीतल्या कितीतरी जणी त्याआधीच रुजू होतात ती गोष्ट वेगळी. इथे फोन कामाला येतो. ऑफिसातल्या कोपऱ्यात दूध काढताना बाळाचा फोटो किंवा कुरकुरतानाचा व्हिडिओ समोर ठेवा, दूध सुटायला मदत होते. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं, पण एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तो भरवसा नको, बर्फाच्या पिशवीत ठेवा. फ्रिजमध्ये ते चार दिवस चालतं.

घरी आल्यावर फोन पर्समध्येच राहू द्या. हातपाय धुवा आणि आधी पाजा. दिवसभरानं भेटलेल्या बाळाला त्या वेळी बघायचं असतं. साधारण चार महिन्यांनंतर त्याला स्क्रीनचा उजेडही खुणावू लागतो. पिता पिता ते मान वळवतं आणि स्तनाग्र तोंडात धरूनच वळवतं. एकदा अनुभव आला की फोन आपोआप लांब जातो.

फोनचा दोष नसतो तेव्हा

बाळाकडे बघावंसंच वाटत नाही म्हणून कुणी फोनमध्ये बघत असेल, तर वरच्या कोणत्याच पायरीचा उपयोग नाही. बाळंतपणानंतर काही दिवस उगीच रडू येतं, ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदास वाटणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न येणं, बाळ परकं वाटणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणं हे आजाराचं लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर कधीही लागतो. बांबोळीला आयपीएचबी हे मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ आहे. इजा करण्याचे विचार असतील तर त्या बाईला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

तीन आठवड्यांनी कॅलेंडरवर पुन्हा दोन दिवस रेघा ओढा. माझ्या पहिल्या मोजणीत दहा पाजण्यांना आठ गोल होते, दुसऱ्या मोजणीत चार आले. दुपारचे गोल गेले, कारण त्या वेळी सासूबाई सुपारी कातरत शेजारी येऊन बसू लागल्या. रात्रीचे दोन शेवटपर्यंत गेले नाहीत. ते मी तसेच राहू दिले.